मधला तुकडा

हळदीच्या पानात वाफवलेली पातोळी अंकिताने माझ्या ताटलीत ठेवली आणि म्हणाली, "घ्या मॅडम. सुमंगलाकाकींनी पाठवल्यात." गुरुवार होता. कँटीनमधल्या खिडकीजवळच्या मेजावर आम्ही तिघंच होतो, अंकिता, आमच्या प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ साईश आणि मी. मी पान उलगडलं. पातोळीच्या कडेला बोटांनी दाबल्याच्या तीन खुणा होत्या आणि आतल्या गूळखोबऱ्याला वेलचीऐवजी जायफळाचा वास होता. ती बोटं मी ओळखते. बाबा कारापूरच्या शाळेत मास्तर होते तेव्हा आम्ही तिथून पुढच्या गावात जयरामकाका आणि सुमंगलाकाकींच्या शेजारी भाड्याने राहत होतो. मी तीन वर्षांची असल्यापासून बारा वर्षांची होईपर्यंत. दर श्रावणात काकींच्या चुलीपाशी पाटावर बसून मी या तीन खुणांची पातोळी खाल्ली आहे. आता मी त्रेचाळीस वर्षांची आहे आणि काकींनी मला काही पाठवावं असा नियम नाही. त्यांनी अंकिताला पाठवल्या होत्या, त्यातली एक अंकिता मला देत होती, एवढंच घडलं होतं. "छान आहे," मी म्हटलं. बरगड्यांच्या खाली, डावीकडे, पाच रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेत काहीतरी गार लागलं. मला त्याचं नाव ठाऊक होतं, पण ते मी मनातल्या मनातही उच्चारलं नाही. पाणी प्यायले.

त्या सकाळीच मी तिच्या हातात तिच्या दगडाची वयं ठेवली होती. आमचं काम सांगायला सोपं आहे. गुहेच्या छतातून पाणी ठिबकतं, प्रत्येक थेंब खाली कणभर चुना सोडतो, आणि हजारो वर्षांत जमिनीवर एक खुंट उभा राहतो. पाण्याबरोबर युरेनियम येतं, थोरियम येत नाही, कारण ते विरघळत नाही. म्हणजे थर बसतो तेव्हा त्यात थोरियम नसतं, मागाहून युरेनियमपासून तयार होतं, ठराविक गतीने. किती झालं ते मोजलं की थराचं वय कळतं. त्याच थरातल्या ऑक्सिजनवरून त्या काळी पाऊस किती पडत होता याचा अंदाज येतो. सगळं नीट जुळलं तर हातभर दगडात तीन-साडेतीन हजार पावसाळे एकावर एक ठेवलेले असतात. ते वाचता यावेत यासाठी मी आयुष्यातली सहा वर्षं घालवली, आणि ती दुसऱ्या गुहेत घालवली.

अंकिताचा दगड जिथून आला ती गुहा खरं तर माझी होती. माझी म्हणजे काय, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. काकांच्या गावातल्या खाणीच्या मागच्या अंगाला चुनखडकाची एक चिंचोळी पट्टी आहे, तिच्यातली ही फट. तोंडाशी राखणदाराचा दगड, आत वाकून चार-पाच पावलं गेलं की एक खुंट, गुडघाभर उंचीचा, खांदे पाडून बसलेल्या बाईसारखा. गावात त्याला म्हातारी म्हणतात. राखणदाराची पूजा जयरामकाकांच्या घराकडे. लहानपणी मी काकांचा पंचा धरून आत जायची, थेंब पडला की मोजायची, एक, दोन, तीन, आणि पुढचा पडेपर्यंत श्वास धरायची. मला शास्त्र कळायच्या आधी ते मोजणं येत होतं. बाहेरून शिकून परत आले तेव्हा पहिल्यांदा मी काकांकडेच गेले. त्यांनी राखणदाराला गाऱ्हाणं घातलं, दगडावर ओल्या पाकळ्या लावल्या, आणि अर्ध्या तासाने डावीकडची पाकळी पडली. डावा कौल म्हणजे नाही. मी वाद घातला नाही. चपला घातल्या, काकींना नमस्कार केला आणि निघाले. मी त्या मातीतली आहे, मला नाही म्हणजे नाही कळतं, असा एक अभिमानही मला त्या वेळी वाटला होता. मग पेडण्याकडच्या एका टेकडीतली फट शोधली. तिथल्या भिंतींवर चुन्याचं बोटभर जाडीचं कवच होतं आणि त्या कवचात जांभ्याची लाल माती. मातीतून आयतं थोरियम येतं, आणि मग दगड आपलं वय खोटं सांगतो. सहा वर्षांच्या शेवटी माझ्या सर्वात चांगल्या नमुन्याचं वय आलं नऊशे वर्षं, आणि त्यात संभाव्य चूक अकराशे वर्षांची. साईश त्या दिवशी म्हणाला होता, "म्हणजे मॅडम, तो फातर अजून जल्माकच येवंक ना." मी हसले होते. त्यानंतर मी यंत्र सांभाळू लागले. आता मी इतरांच्या दगडांची वयं काढते आणि त्यात माझी चूक देशात कुणापेक्षाही कमी असते, असं लोक म्हणतात.

अंकिता एकोणतीस वर्षांची आहे. दोडामार्गाकडची. तिचे वडील डिचोलीच्या खाणींवर टिपर चालवायचे, खाणी बंद पडेपर्यंत. तीन वर्षांच्या प्रकल्पावर ती आमच्याकडे लागली तेव्हा तिची चप्पल प्रयोगशाळेच्या दाराबाहेर माझ्या चपलेशेजारी असायची आणि तिच्या टाचेखाली लाल माती असायची. ती माती पाहून माझ्या मनात आलं होतं, हिच्या बापाच्या टिपरने उडवलेली धूळच माझ्या दगडात जाऊन बसली. ते खरं नव्हतं. माझ्या कवचातली माती टिपरच्याच काय, डिचोलीत पहिली खाण सुरू होण्याच्या शेकडो वर्षं आधीची होती, हे मला कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी विचार आला, आणि मी त्याला बसू दिलं. गेल्या वर्षी ती एकदा म्हणाली, "मॅडम, कारापूरच्या पुढे एक गुहा आहे म्हणतात, तुम्हाला माहीत आहे?" मी म्हटलं, "आहे. देत नाहीत." ती "हो का" म्हणाली आणि गेली. मे महिन्यात तिने म्हातारीच्या माथ्यातून उभं भोक पाडून तीन बोटं जाडीची एक कांडी काढली, एक्केचाळीस सेंटिमीटर लांबीची, तीन तुकड्यांत. वरचं टोक कुठलं ते कळावं म्हणून प्रत्येक तुकड्यावर तिने बाण काढला. कशी मिळाली परवानगी, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

तर त्या सकाळची वयं. पहिला तुकडा वरून खाली शंभर वर्षांपासून बाराशे वर्षांपर्यंत गेला होता, सरळ, मातीचा लवलेश नाही. तिसरा अडीच हजारापासून छत्तीसशेपर्यंत. मधल्या तुकड्याचं वरचं टोक निघालं चोवीसशे साठ वर्षांचं आणि खालचं बाराशे चाळीस. म्हणजे जुना थर वर, नवा थर खाली. पातोळीचं पान दुमडून डब्यात ठेवत अंकिता साईशला तेच सांगत होती. साईश म्हणाला, "फिरय गो तो. उलटो लाय आनी मोकळी जा. कोण पळयता?" तिची आणि त्याची भाषा जुळते, ती मालवणीत बोलते, तो कोकणीत. "उलटो केलंय तर बसता, ता माका दिसता रे," ती म्हणाली, "पण मी माझ्या मनान कसो उलटो करू? बाण माझ्या हातचो आसा. तू आतून वरचा टोक आधी भायर दिलंस, मी त्याच टोकाक बाण मारलंय. आता आकडे गोड दिसतत म्हणान बाण फिरवू?" मला तिचा राग आला. ती चुकीचं बोलली असती तर बरं झालं असतं. कांडी फिरताना तुकड्यांची टोकं घासून गेली होती, ती एकमेकांत बसवून पाहता येत नव्हती, आणि कांडी इतकी बारीक की थरांचा बाकही कळत नव्हता. तुकडा खरोखर उलटा होता याचा पुरावा कुठेच नव्हता. त्याशिवाय तो फिरवायचा नाही, हे तिने बरोबर धरलं होतं. मीही तेच धरलं असतं.

"व्हिडिओ बघ," म्हणून तिने मोबाइल साईशपुढे धरला. मी समोर बसले होते, मला चित्र उलटं दिसत होतं, म्हणून उठून तिच्या मागे गेले. मोबाइल आत एका कपारीत टेकवून ठेवलेला, गुहेचं तोंड अरुंद, साईश आत गिरमिट चालवतोय, अंकिता बाहेर बसून तुकडे घेतेय. पहिला तुकडा साईशच्या हातून थेट आला. मग काकांचा आवाज, "एक तरी म्हज्या हातांतल्यान वचूंदी," माझ्या हातून जाऊ दे, आणि दुसऱ्या तुकड्याच्या वेळी साईशने तो काकांच्या हातात दिला. काका पाठमोरे निघाले, वाकलेले, केळीच्या पानावर दगड. ते उजेडात येण्याच्या एक क्षण आधी त्यांचं मनगट फिरलं. अर्ध्या सेकंदाचं काम. पान हातातल्या हातात वळलं. पुढच्या क्षणी अंकिताचा हात आला, तिने तुकडा घेतला, पुढे आलेल्या टोकाला बाण मारला. "बघ," अंकिता म्हणाली, "काय चुकला हेच्यात?" साईश म्हणाला, "कांयच ना." मी काही म्हटलं नाही.

ते मनगट मी शंभर वेळा पाहिलं आहे. राखणदारापुढचा नारळ काका घरी आणायचे तेव्हा त्याची शेंडी मागे, गुहेकडे. तिथली कुठलीही वस्तू बाहेर नेताना तिने देवाला पाठ दाखवायची नाही. फूल असलं तरी देठ पुढे. आम्ही पोरं मागून चालत नारळाच्या शेंडीला वाकुल्या दाखवायचो आणि काका मागे न बघताच म्हणायचे, "तो तुमकां पळयता हां," म्हणजे तो बघतोय तुम्हाला. त्या घराची ती रीत आहे, मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. अंकिताला ती माहीत असायचं कारण नव्हतं, साईश म्हापशाचा. जगात ती जाणणारी माणसं चार-पाच असतील आणि त्यांतलं एकच माणूस युरेनियम मोजतं. मला जे कळलं त्याने माझ्या अंगात एकदम ऊब आली, सकाळपासूनची गार जागा भरून आली. मी परत आपल्या खुर्चीवर बसले आणि उरलेली पातोळी खाल्ली. ती खरंच फार छान होती.

मी गप्प बसायचं ठरवलं असं झालं नाही. ठरवलं असतं तर मला कदाचित लाज वाटली असती. मी फक्त त्या दिवशी बोलले नाही, कारण साईश होता. शुक्रवारी बोलले नाही, कारण व्हिडिओतलं मनगट हा काही पुरावा नाही, आधी खात्री करायला हवी. सोमवारी यंत्रावर दुसऱ्या संस्थेचे नमुने होते. मंगळवारी मी स्वतःहून मधल्या तुकड्याच्या दोन्ही टोकांची उरलेली भुकटी पुन्हा आम्लात विरघळवली आणि पुन्हा मोजली. कुणी सांगितलं नव्हतं. मी स्वतःला म्हटलं, खात्रीसाठी. पण यंत्राच्या पडद्यासमोर बसून मी कशाची वाट पाहत होते ते मला समजत होतं. त्या तुकड्यात माती निघावी, थोरियम अस्ताव्यस्त यावं, युरेनियम धुऊन गेलेलं असावं, म्हणजे बाणाचा प्रश्नच संपेल आणि मनगटाचाही. आकडे आले. पहिल्या वेळेपेक्षा स्वच्छ. भुकटी अंकिताने काढली होती, दातांच्या डॉक्टरकडे असतं तसल्या बारीक गिरमिटाने, एका थराच्या बाहेर न जाता. माझा हात इतका स्थिर कधीच नव्हता. तो आकडा मी माझ्या वहीत लिहिला आणि तिला सांगितला नाही.

तिच्याबद्दल मला किती गोष्टी माहीत होत्या हे त्या दिवसांत माझ्या लक्षात आलं. ती चहात साखर घालत नाही. ती सात हा आकडा मधे आडवी रेघ मारून लिहिते. नमुन्यांच्या बाटल्यांवर तिचं अक्षर माझ्या अक्षरापेक्षा लहान आणि उभं आहे. दर पंधरवड्याला ती डिचोलीहून बस पकडून गुहेत थेंब मोजायला जाते आणि काकींकडे जेवते. काकी तिला काय वाढतात ते ती सांगत नाही, मी विचारत नाही, पण सोमवारी तिच्या डब्यात कुळथाचं पिठलं असलं की मला कळतं. घरी तुषार, माझा नवरा, एकदा म्हणाला, "आजकाल तू त्या मुलीचं नाव फार घेतेस." मी म्हटलं, "तिच्या कामात घोळ झालाय." "मग सांग की तिला." "बघते," मी म्हटलं. त्याने पुन्हा पेपर उचलला. मी कोथिंबीर निवडत होते. काड्या एका बाजूला, पानं दुसऱ्या बाजूला, आणि मधेच लक्षात आलं की मी काड्यांची जुडी केली होती आणि पानं कचऱ्यात.

सगळ्यांत वाईट होतं ते ऑक्सिजनचं. तिने तिन्ही तुकड्यांचे ऑक्सिजनचे आकडे आमच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवले होते. मी मधला तुकडा माझ्या संगणकावर उलटा केला आणि रेघ काढून पाहिली. दाराला आतून कडी लावली होती. साधारण सतराशे वर्षांपूर्वी रेघ चढली आणि पंधराशे वर्षांपूर्वीपर्यंत तिथेच, वर, राहिली. रेघ वर म्हणजे पाऊस कमी. दोनशे वर्षं कमी पावसाची. डिचोलीच्या नद्यांत, आमोण्याच्या शेतांत, दोनशे वर्षं. माझ्या पहिल्या प्रकल्पाच्या अर्जात मी हेच लिहिलं होतं, असा काळ असायला हवा, तो इथल्या दगडात सापडायला हवा. माझ्या वाक्याचं उत्तर तिच्या कांडीत होतं, आणि ते फक्त मधल्या तुकड्यात होतं. तो काढला तर उरतात दोन टोकं, ज्यांत विशेष काही नाही. मी बराच वेळ त्या चढाकडे बघत बसले. मग फाइल न साठवता बंद केली.

कँटीनमधल्या त्या गुरुवारानंतर पंधराव्या दिवशी, शुक्रवारी, अंकिता माझ्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही. डोळ्यांखाली काळं झालं होतं. मंगळवारी तिच्या प्रकल्पाची बैठक होती, मुदत वाढवायची की नाही ते तिथे ठरणार होतं. "मधला तुकडा मी स्लाइड्समधून काढला, मॅडम," ती म्हणाली. "कारण देता येत नाही, तर दाखवायचा कशाला. पण मला वाटतं, शेजारीच दुसरं भोक पाडलं तर कळेल. नवी कांडी, या वेळी मी आत बसेन." मी मान हलवली. "फक्त काकांना परत मागायला मला धीर होत नाही. एकदा दिलंय त्यांनी." ती थांबली. "तुम्ही विचाराल? तुम्ही तिथल्याच. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत." तिच्या तोंडून "तुम्ही तिथल्याच" ऐकताना मला जे वाटलं त्याला आनंद म्हणावं लागेल. "रविवारी जाते," मी म्हटलं. ती गेल्यावर मला दिसलं की आता एक वाट माझ्यापुढे सरळ पडली आहे. दुसरी कांडी निघाली तर ती माझ्या शब्दावर निघेल. तोवर अंकिताची मुदत संपलेली असेल. त्यात मला काहीही करावं लागणार नव्हतं.

रविवारी सकाळी मी एकटी गाडी घेऊन गेले. काका अंगणात गुडघ्याला तेल चोळत बसले होते. "आयलें गो विनी बाय! वाट चुकलें मगो?" ते म्हणाले. काकी आतून ओल्या हातांनी आल्या, मला बघून म्हणाल्या, "ह्या घराक दार आसा तें याद आसा तुका?" मी हसले. त्यांनी चहा आणला, सोबत पोदेराकडचा गरम उंडा, गोल कडक पाव. मी कामाचं काढलं, दुसऱ्या भोकाचं. काकी पदराला हात पुसत म्हणाल्या, "म्हातारेचे तीन दांत काडले तुमी. आतां चवथो?" काका हसले. मी विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, "काकी, अंकिताला लगेच कौल मिळाला ना?"

"लगेच?" काकी म्हणाल्या. "पयलो डावोच पडलो ताका. दुसरोय डावो. सकाळीं सात वरांक बसलें तें चेडूं राखणदारामुखार, दनपारां उठलें. उंडो व्हरून दिलो हांवें, तोय खाल्लो ना."

"मग तिसऱ्यांदा?"

"मागीर ताणें रीत विचारली म्हाका," काका म्हणाले. "काका, सगळो फातर मागूं नको तर कितलो मागूं? हांवें म्हळें, तूंच सांग, तुका कितलो जाय. तीन बोटां म्हणून दाखयलीं. तीन बोटां मागलीं, उजवो पडलो."

मी उंड्याचा तुकडा चहात बुडवला आणि तो विरघळून गेला. "मला पण डावाच पडला होता," मी म्हटलं.

"पडलो. तुवें एकदांच विचारलें," काका म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता, पाऊस कधी लागला ते सांगावं तसं सांगत होते. "पांयांत व्हाणां घालीं आनी चलूंक लागलें. म्हाका दिसलें, बायेक चड नाका जालां."

तुला फारसं नको असेल असं वाटलं, असं ते म्हणत होते. बारा वर्षं मी हे धरून चालले होते की मला नाकारलं, आणि मे महिन्यापासून हेही की तिला दिलं. माझ्या पोटातल्या त्या गार जागेला निदान एक कारण होतं. आता तेही राहिलं नाही. कुणी माझं काही घेतलं नव्हतं. तिला हवं होतं म्हणून ती दुपारपर्यंत बसली, आणि मला हवं होतं की माझ्या न बसण्याचं कुणीतरी कौतुक करावं. हे कळल्याने मत्सर कमी होईल असं वाटलं होतं. तो वाढला. आता तो तिच्या त्या उपाशी सकाळीबद्दल होता, जी मला मागूनही मिळणार नव्हती.

आम्ही गुहेकडे चढलो, काका काठी टेकत, काकी फुलांची परडी घेऊन. तोंडाशी राखणदाराचा दगड तसाच, शेंदूर नव्याने लावलेला, खाली एक विडी आणि रोट. मी वाकून आत जाऊन आले. म्हातारीच्या माथ्यावरच्या भोकात अंकिताने त्याच जातीच्या दगडाची गुळगुळीत खुंटी बसवली होती, इतकी बेताची की बोट फिरवल्याशिवाय सांधा कळत नव्हता. थेंब पडत होता. मी मोजलं नाही. बाहेर आले तेव्हा काका पिटकोळीच्या लाल पाकळ्या ओल्या करून दगडावर लावत होते, एक उजवीकडे, एक डावीकडे. "बा राखणदारा," त्यांनी हात जोडले, "हें गांवचें चेडूं तुज्या पांयां आयलां. आदीं एक फावट घेतलें, आनीक एक फावट मागता. फावो जाल्यार उजवो दी."

"व्हय म्हाराजा," काकी म्हणाल्या.

आम्ही तिघं बसलो. पाकळ्या शेंदरावर चिकटून होत्या. वारा नव्हता. मला उजवी पडायला हवी होती. इतकी हवी होती की माझे दात एकमेकांवर दाबले गेले होते, आणि मला स्पष्ट दिसत होतं की उजवी पडली तर मी काय करणार आहे. मी काहीच सांगणार नाही. पावसाळा संपला की साईशला घेऊन येईन, आत स्वतः बसेन, म्हातारीच्या माथ्यावर दुसरं भोक पाडेन, आणि या वेळी तुकडा काकांच्या हातात गेला तर कुठल्या टोकाला बाण मारायचा ते मला माहीत असेल. कुणाला काही सिद्ध करता येणार नाही. पाकळीच्या कडेला पाण्याचा थेंब जमत होता.

"काका," मी म्हटलं, "मे महिन्यात मधला तुकडा तुम्ही बाहेर आणलात. तो फिरवला होतात ना?"

"तर?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "देवाघरची वस्त. तोंड देवाकडेन."

"अंकिताला सांगितलं होतं?"

"ताणें विचारूंक ना." मग माझ्याकडे वळून, जरा नवलाने, "तुका खबर आसा न्हय? तुज्या हपिसांतलें चेडूं म्हणून तर हांवें गाऱ्हाणें घालें ताचें. म्हळें, आमची विनी आसा थंय. कांय चुकलें जाल्यार ती सांगतली."

काकी पाकळ्यांकडे बघत होत्या. मी उठले. "बस गो," काका म्हणाले, "पाकळी पडना फुडें उठूंक जायना." मी म्हटलं, "दुसरं भोक नको, काका. लागणार नाही." ते काहीतरी बोलले, मी ऐकलं नाही. वाटेने खाली उतरले. मोबाइलला रेंज फक्त रस्त्यावर, पुलाच्या कठड्यापाशी येते. तिथे उभी राहून मी अंकिताला फोन लावला.

"बोला मॅडम. दिला कौल?" तिच्याकडे मागे कुकरची शिट्टी झाली.

"मधला तुकडा उलटा आहे," मी म्हटलं. "काकांनी गुहेच्या तोंडाशी तो हातात फिरवला. तिथली वस्तू ते तशीच बाहेर आणतात, मागचं टोक पुढे करून. ती त्यांच्या घरची रीत आहे. तुझ्या व्हिडिओत दिसतं, ते उजेडात यायच्या आधी. मी आता त्यांना विचारून खात्री केली. ते लिहून देतील."

ती हसली. "म्हणजे बसतो तो! मॅडम, बसतो! आई गं. मी किती वेळा पाहिला तो व्हिडिओ." ती कुणाला तरी ओरडून म्हणाली, "बाबा, सापडला!" मग पुन्हा फोनवर, "बरं झालं तुम्ही गेलात. तिथे गेल्यावरच कळलं ना तुम्हाला?"

हे वाक्य तिने तयार करूनच माझ्या हातात दिलं होतं. मला फक्त हुंकार द्यायचा होता.

"नाही," मी म्हटलं. "कँटीनमध्ये तू दाखवलास तेव्हाच कळलं. सतरा दिवस झाले. नंतर मी तुकड्याची दोन्ही टोकं पुन्हा मोजली, तुला न सांगता. तेच आकडे आले."

पुलाखालून पाणी जात होतं. एक टेम्पो गेला. माझ्याकडे सांगण्यासारखी कारणं होती, क्रमाने लावलेली, पण तिने विचारली नाहीत आणि मी दिली नाहीत.

"शुक्रवारी मी तुमच्या दारात उभी होते," ती म्हणाली.

"हो."

"बाबांना सांगून बसले मी, नोकरी राहत नाही म्हणून."

कुकरची आणखी एक शिट्टी झाली आणि कुणीतरी गॅस बंद केला.

"आकडे पाठवा," ती म्हणाली. "आधीचे आणि नंतरचे, दोन्ही." मॅडम म्हणाली नाही.

"पाठवते," मी म्हटलं, पण तिने फोन ठेवला होता. मी गाडीतून वही काढली, ती कठड्यावर उघडली, त्या मंगळवारच्या पानाचा फोटो काढला आणि रेंज जाण्याच्या आत तिला पाठवला, वरच्या तारखेसकट.